रिकामा फिरणारा मिक्सर

कॉइलमावशींनी पहिल्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याचा मिक्सर विकून खाल्ला, ही बातमी माझ्यापर्यंत आली तेव्हाच तिला हातपाय फुटलेले होते. कोणी म्हणे विकला, कोणी म्हणे आतली तांब्याची तार काढून घेतली आणि डबा भंगारात दिला. शिकवणीवाल्या बाईंचं म्हणणं जरा दयाळू होतं. मावशींना आता दिसत नाही, बिचाऱ्यांनी मिक्सर उघडला आणि परत जोडताच येईना, म्हणून तोंड चुकवत फिरतायत.

यातलं काहीही खरं नव्हतं. मिक्सर दुकानातच होता. सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या पडद्याच्या कापडात गुंडाळलेला. मी स्वतः तो चालताना ऐकलाय, मांडीवरचं मांजर घुरघुरावं तसा चालत होता. ज्या संध्याकाळी तो दुरुस्तीला आला त्याच संध्याकाळी मावशींनी तो नीट केला होता. फक्त परत दिला नव्हता.

आता मावशी कोण, ते सांगतो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिना सुरू होतो तिथेच, त्यांचं दुकान. पुढे काउंटर, मागे एक खोली, तिथेच त्यांचा संसार. मिक्सर, इस्त्र्या, पंखे, पाण्याच्या छोट्या मोटारी, जे काही फिरतं किंवा तापतं ते बिघडलं की त्यांच्याकडे जातं. वरखाली करणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यासमोरून जावं लागतं, त्यामुळे कोण कुठे निघालं, हातात काय होतं आणि येताना तोंड कसं होतं, हे त्यांना ठाऊक असतं. एवढी माहिती तुमच्याकडे असती तर तुम्ही काय केलं असतं, असं आमची ही मला नेहमी म्हणते. मावशी मात्र ती कुणाला सांगत नाहीत. मला हा सरळसरळ अपव्यय वाटतो.

दुकान मुळात त्यांच्या यजमानांचं. ते जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचे, म्हणजे आतल्या कॉइलची तार नव्याने गुंडाळायचे, आणि मावशी शेजारी बसून तार सोडायच्या; कॉइलमावशी हे नाव तेव्हाचं. यजमान गेल्यावर थोड्याच दिवसांत धाकटा दीर मोजपट्टी घेऊन आला. वहिनी आता दुकान कसलं चालवणार, जागा तरी मोजून ठेवू, असा त्याचा प्रेमळ विचार. मावशी तेव्हा एका मोटारीत तार भरत होत्या. त्यांनी मान वर न करता तारेचं रीळ त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, भाऊजी, जरा ताठ धरा, सैल पडली तर सगळं परत करावं लागेल. दीर अंधार पडेपर्यंत रीळ धरून उभा होता. त्यानंतर तो आला तो फक्त मावशींच्या मुलीच्या लग्नाला.

त्यांची काम करायची एक पद्धत आहे. कुठलाही मिक्सर आला की आधी एक प्रश्न: "शेवटचं काय फिरवलंत यात?" डॉक्टर विचारतो ना, काल काय खाल्लं, तसं. लोक लाजतात, खोटं बोलतात. मऊच काहीतरी होतं म्हणून शपथ घेणाऱ्या एका बाईंच्या पात्याखालून मावशींनी शर्टाचं बटण काढून दाखवलं होतं. आमचे चिटणीस, म्हणजे इमारतीच्या समितीचे, अंघोळीच्या साबणाच्या उरलेल्या चिपा मिक्सरमधून काढून पुन्हा वापरतात, ही गोष्ट याच प्रश्नामुळे उजेडात आली. मी ती फार लांबपर्यंत जाऊ दिली नाही. फक्त शेजारच्या इमारतीपर्यंत.

प्रश्न झाला की मावशी भांडं नाकाशी नेतात. त्यांचं म्हणणं असं की भांडं कितीही घासलं तरी झाकणाच्या रबरात घराचा वास राहतोच. मग स्क्रू ड्रायव्हर.

पहिल्या मजल्यावर, बरोबर मावशींच्या डोक्यावर, चष्मेवाला राहायला आला. चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात तो नोकरीला होता, सकाळच्या पाळीला, त्यामुळे दुपारी घरी. इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं, जिन्यात लहान पोरालासुद्धा नमस्कार. बायको बारीक चणीची. काय म्हणता विचारलं की तिचं उत्तर एकच, बरं चाललंय, आणि ते देतानाही पाऊल पुढे पडलेलं असायचं.

त्यांची भांडणं मात्र अशी असायची की बाकीच्या घरांत बोलणं थांबायचं. ताटं आपटायची, दार धाडकन लागायचं, काहीतरी जड ओढल्याचा आवाज यायचा, आणि मध्येच तिची एक किंकाळी, जी अर्ध्यावरच कुणीतरी कापून टाकावी तशी थांबायची. आम्ही त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. आमची ही टीव्हीचा आवाज कमी करून बसायची, आणि मी तिला नावं ठेवत तिच्या शेजारी बसायचो. दुसऱ्या दिवशी बायकोच्या मनगटाला फडकं बांधलेलं. कपाटाचं दार लागलं म्हणे. एकदा भुवई सुजलेली. तेही कपाटच. मावशींनी तिला जिन्यात थांबवून विचारलं तर म्हणाली, "माझंच चुकतं, मावशी. मी फार आवाज करते."

मग समितीची बैठक झाली. मीटरच्या पेट्यांखाली खुर्च्या टाकून आम्ही पाण्याच्या टाकीवर भांडलो, गाड्या लावण्यावर भांडलो, आणि मग चिटणिसांनी घसा साफ करून चष्मेवाल्याकडे मोर्चा वळवला. ते म्हणाले, घरगुती गोष्टीत समिती पडत नाही, प्रत्येकाचं आपापलं असतं, फक्त आवाजाचं तेवढं बघा, मुलांच्या परीक्षा आहेत. चष्मेवाल्याने चष्मा काढला, खिशातल्या पिवळ्या फडक्याने काचा पुसल्या, पुन्हा घातला आणि हात जोडले. पुन्हा आवाज येणार नाही, असं तो म्हणाला. सगळ्यांना फार बरं वाटलं. किती समजूतदार माणूस, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

त्याने शब्द पाळला.

त्या घरातून आवाज यायचा थांबला, म्हणजे अगदी सगळाच. भांडण तर नाहीच, पण चमचा पडल्याचा नाही, खुर्ची सरकल्याचा नाही, नळाखाली भांडं ठेवल्याचा नाही. आम्ही वर राहतो, खाली माणसं आहेत हे पायाखाली कळतंच. तिथे आता कुणी राहतच नाही असं वाटायचं. फक्त सकाळी कचऱ्याचा डबा घेऊन ती खाली जायची, चवड्यांवर चालत, कठड्यालाही हात न लावता. चिटणीस जिन्यात छाती काढून फिरायला लागले. बघा, म्हणाले, माणसाशी नीट बोललं की होतं.

एकच आवाज उरला होता. दुपार कलली की मिक्सर सुरू व्हायचा.

घरात मिक्सर कसा चालतो हे सगळ्यांना माहीत आहे. जरा फिरवायचं, थांबायचं, झाकण काढून चमच्याने खाली लोटायचं, पुन्हा फिरवायचं. हा तसा नव्हता. सुरू झाला की एका दमात, एका सुरात, आमच्या फरशीतून तळपायांना मुंग्या येईपर्यंत. मध्ये चमचा नाही, झाकण नाही. मग एकदम बंद, आणि पुन्हा ती शांतता. आमची ही एकदा म्हणाली, एवढं काय करते ही बाई रोज? जिन्यात कसला वास म्हणून येत नाही. मी म्हटलं, हवा दळत असेल. आम्ही दोघंही हसलो.

मिक्सर दुरुस्तीला आला तेव्हा मी योगायोगाने काउंटरपाशी होतो. आमच्या इस्त्रीच्या निमित्ताने मी बरेचदा योगायोगाने तिथे असतो. चष्मेवाला स्वतः घेऊन आला, टॉवेलात गुंडाळून, एखादं तान्हं आणावं तसा. मावशींनी विचारलं, शेवटचं काय फिरवलंत?

तो हसला. घरातलंच काहीतरी असेल, मला काय कळतंय त्यातलं.

मावशी म्हणाल्या, मग तिला पाठवा खाली, तिला विचारते.

"ती पडून आहे जरा," तो म्हणाला. "तिला आवाजाचा त्रास होतो."

तो गेल्यावर मावशींनी भांडं उचलून नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरलं, आणि मग माझ्या नाकाखाली आणलं. त्याला कोऱ्या प्लास्टिकचा वास होता. दुकानातून आणलेलं नवं खोकं उघडावं तेव्हा येतो तो, पुठ्ठ्याचा. पात्यावर ओरखडा नव्हता. झाकणाचं रबर पांढरं शुभ्र. मावशींनी मग खालचा भाग उघडला, आणि जळक्या वार्निशचा असा भपकारा आला की मी मागे सरकलो. आतली मोटार कोळशासारखी काळी झाली होती.

"यात कधी काही पडलेलंच नाही," मावशी म्हणाल्या.

मग आम्ही दोघांनी वर बघितलं. का, ते सांगता येणार नाही. वर छत होतं, एक दिवा लोंबत होता, आणि दिवा अगदी स्थिर होता. मला माझी हवा दळायची थट्टा आठवली आणि मी इस्त्री तिथेच विसरून घरी गेलो.

पुढचे दिवस चष्मेवाला रोज कामावरून येताना थांबायचा. मावशी कधी म्हणायच्या तार संपली, कधी म्हणायच्या माल आला पण माप चुकलं, कधी म्हणायच्या उद्या या. ज्यांच्याकडे सकाळी दिलेली इस्त्री दुपारी चहाबरोबर परत मिळते, त्या बाई. मी खडा टाकून पाहिला. म्हटलं, मावशी, फळीवरचं ते बोचकं कसलं? त्या म्हणाल्या, मिक्सर परत वर गेला की मला वरचं काही ऐकू येत नाही.

त्या काय ऐकतायत, ते मला आमच्या न्हाणीघरात कळलं. तिथे पाइपांसाठी एक उभं भुयार आहे, सगळ्या मजल्यांच्या न्हाणीघरांच्या छोट्या खिडक्या त्यात उघडतात. दुपारची वेळ, ही बादली भरत होती, मी दाढीचं सामान धूत होतो. खालून त्याचा आवाज आला. रागाचा नाही. लहान मुलाला पाढा म्हणायला लावावं तसा, समजुतीचा.

"परत म्हण."

मग तिचा. "आवाज झाला नाही."

मग गादीवर धान्याचं पोतं टाकल्यासारखा एक दबका धप्प. आणि पुन्हा तो, तितक्याच गोडीने, परत म्हण. आणि पुन्हा ती, आवाज झाला नाही. शब्द तेच, सूर तोच, जणू बोलणारी ती नव्हतीच, कुणीतरी तिच्या तोंडात ठेवून दिलेलं ते आपोआप बाहेर येत होतं. आमची बादली भरून वाहायला लागली तरी हिने नळ बंद केला नाही. हात नळावर होता, पण फिरवला तर खाली ऐकू जाईल अशी तिला भीती वाटली, असं तिने नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी आमच्या घरात आम्ही कुजबुजत बोलत होतो. कशासाठी, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मीठ दे, हे मी हिच्या कानात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना सांगायला गेलो, तर त्यांना ते जुनंच होतं. त्या झाडूच्या दांड्याने छतावर ठोकायच्या, मग वरचं थांबायचं, थोडा वेळ. त्या वर जाऊन दारही वाजवून आल्या होत्या. त्याने बोटभर फट उघडून, ती झोपलीये, असं ओठांवर बोट ठेवून सांगितलं. त्या पोलीस चौकीतही जाऊन आल्या. एक हवालदार आला, चांगला माणूस, त्याने बायकोला दारात बोलावून विचारलं, बाई, तुम्हाला कुणी मारतं का? नवरा मागे उभा होता, काचा पुसत. मावशी जिन्यात होत्या. हवालदाराकडे बघत ती म्हणाली, "आवाज झाला नाही."

हवालदाराने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिने तेच उत्तर दिलं. तो डोकं खाजवत उतरला. जाताना मावशींना म्हणाला, ती स्वतः बाहेर आली तर मला लगेच फोन करा.

तेव्हापासून मावशींचा एकच उद्योग. सकाळी ती कचऱ्याचा डबा घेऊन खाली आली की मावशी काउंटर पुसत पुसत एवढंच म्हणायच्या: मागचं दार दुपारी उघडं असतं. सांगून यायची गरज नाही. ती ऐकायची की नाही कोण जाणे. चवड्यांवर वर जायची.

आणि याच सुमाराला मिक्सरची बातमी इमारतीत फिरायला लागली. ती चष्मेवाल्यानेच सोडली होती, अगदी हळू, एकेकाला जिन्यात गाठून. मावशींचं वय झालं, त्यांना हल्ली भास होतात, छतावर काठ्या आपटतात, माझा मिक्सरही कुठे ठेवला ते आठवत नाही त्यांना. लोकांना पटलं. माणूस इतका हळू बोलतो म्हणजे खरंच बोलत असणार. मावशींकडे येणाऱ्या इस्त्र्या कोपऱ्यावरच्या दुकानात जायला लागल्या. काउंटरवर धूळ दिसायला लागली. मुलीचा फोन यायचा, आई, पुरे आता, माझ्याकडे ये. मावशी म्हणायच्या, एक काम अर्धवट आहे.

शेवटी चिटणीस आले. समितीच्या वतीने, म्हणजे नाकाला मिरच्या झोंबल्यासारखे. म्हणाले, मावशी, लोकांची वस्तू अशी अडवून ठेवता, इमारतीचं नाव जातं. मावशींनी त्यांना मागच्या खोलीत नेलं, छताच्या मधोमध स्टुलावर बसवलं आणि हातात चहा दिला. मीही मागोमाग होतो, समितीचा सभासद म्हणून. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. दुपार कलली होती.

चिटणिसांच्या चहावर साय धरली. वरून तो गोड आवाज येत होता, परत म्हण, आणि दर वेळी तो धप्प झाला की लोंबता दिवा केसभर हलायचा. चिटणीस त्या दिव्याकडे बघत बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी कप खाली ठेवला, तोही दोन्ही हातांनी, आवाज होऊ नये म्हणून, आणि आपण कप कसा ठेवला हे त्यांचं त्यांनाच दिसलं. "आवाजाचं बघा, असं मीच म्हटलं होतं त्याला," ते म्हणाले. मग ऐकलेलं सांगत ते घरोघर गेले. त्या दिवशी त्यांनी कुणाकडेही चहा घेतला नाही.

रविवारी चष्मेवाला बाहेरून आला तेव्हा त्याच्या काखेत एक नवं कोरं खोकं होतं. त्यावर मिक्सरचं चित्र. मावशींच्या काउंटरशी तो थांबला आणि म्हणाला, तो जुना राहू द्या तुमच्याकडेच. हा जास्त ताकदीचा आहे.

तो जिना चढायला लागला, आणि एकेक दार उघडलं. शिकवणीवाल्या बाईंचं, चिटणिसांचं, वरती आमचं. सगळे फक्त त्या खोक्याकडे बघत होते. इमारतीत एक मिक्सर येतोय, एवढंच खरं म्हणजे, पण मी जिना उतरून त्याच्या दाराखालपर्यंत आलो. त्याने सगळ्यांना मान लववली, आत गेला, दार लोटलं. आतून थर्माकोल घासल्याचा किर्र आवाज आला.

मी जिन्याच्या वळणावर उभा होतो. दार पुन्हा उघडलं आणि ती बाहेर आली. अनवाणी. हातात नव्या भांड्याचं झाकण होतं, आणि ते आपल्या हातात आहे हे तिला माहीत नसावं. ती चवड्यांवर उतरत होती. मी भिंतीला चिकटलो. ती एवढ्या जवळून गेली, पण मला तिच्या श्वासाचाही आवाज आला नाही. एकामागून एक उघड्या दारांसमोरून ती खाली गेली, कुणाकडे न बघता, आणि वळसा घालून मावशींच्या मागच्या दाराने आत शिरली. आमची ही माझ्या शेजारून सुटली आणि तिच्या मागे आत गेली. चिटणीस दारात उभे राहून फोनवर त्या हवालदाराला इमारतीचा पत्ता सांगत होते, खणखणीत, पार रस्त्यापर्यंत जाईल असा.

थोड्या वेळाने तो खाली आला. घाई नाही. पिवळ्या फडक्याने काचा पुसत. जिन्यात आम्ही सगळे होतो, आम्ही सरकलो नाही, त्याला आमच्यातून वाट काढावी लागली. मावशींनी हातातला स्क्रू ड्रायव्हर न ठेवता स्टूल ओढलं, आतल्या दारासमोर मांडलं आणि त्यावर बसल्या.

आतून रडण्याचा आवाज आला. सुरुवातीला बारीक, मग मोठा, मग पार गळा मोकळा करून. त्या घरातलं माणूस असं रडताना इमारतीने प्रथमच ऐकलं. चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण फडकं थांबलं. तो काउंटरवर वाकला. इतक्या हळू बोलला की मी पुढे झुकलो तेव्हा कुठे मला कळलं.

"मावशी, लोक ऐकतायत. आपल्या माणसांत उगाच आरडाओरडा नको. तिला बाहेर पाठवा, आपण हळू बोलून मिटवू."

मावशी म्हणाल्या, "हळू कशाला? मोठ्यानं बोला. आता इथे आवाजाची तक्रार कुणी करणार नाही."